बदली कोण?

गिरणीच्या आमच्या बास्केटबॉल संघात दोघे खेळाडू असे होते, की त्यांच्यात सरस कोण यावर मैदानाबाहेर रोज वाद व्हायचा. मी संघाचा कॅप्टन आणि टाइम ऑफिसात हजेरीचा कारकून. लोक मला विचारायचे. मी हसून विषय बदलायचो. मला मत नव्हतं असं नाही. ते आज पहिल्यांदा लिहितो आहे, तेही ज्याच्या कामी आलं असतं त्याला आता त्याची गरज उरलेली नसताना.

एक माळशिरसकडचा. शेतकऱ्याचा मुलगा, ताडमाड उंच. टाच जेमतेम उचलली की हात रिंगेशी. कंपाउंडच्या भिंतीवर बसलेली मंडळी तो मैदानात उतरला की म्हणायची, "आला बघ ऊस." बास्केट बहुतेक तोच करी. दुसरा भवानी पेठेतला, विणकराच्या घरचा. घरात तेलुगू, बाहेर आमच्यासारखी मराठी. माझ्या खांद्याला लागेल एवढा. स्वतः बास्केट मारायचं त्याच्या क्वचितच मनात येई. तो पास द्यायचा.

सामना संपला की सात रस्त्यावरच्या हॉटेलात हिशेब निघायचे.

"पॉइंट कुणाचे? उसाचे. संपला की बे विषय," एक फिटर म्हणायचा.

"अन् बॉल कोण देतंय? तुझा काका?"

"देणारे पाटीभर मिळतेत. टाकणारा दाखव."

पॉइंट फळ्यावर दिसायचे आणि पास कुठेच दिसत नसे. दोघेही तिथेच चहा पीत बसलेले असायचे. ऊस लाजायचा. भवानी पेठेतला बशीत फुंकर मारत म्हणायचा, "माझं दात दुखतंय, मला सोडा की ओ."

आता माझं मत. उंच माणूस रिंगेखाली उभा राहतो तेव्हा त्याचं निम्मं काम त्याच्या आईबापानं केलेलं असतं. उरलेलं निम्मं शिकवता येतं. मीच त्याला शिकवलं होतं. तो चांगला खेळाडू होता, मन लावून खेळायचा, पण त्याच्यासारखा दुसरा शोधायचा म्हटला तर सापडला असता. भवानी पेठेतल्याचं शिकवता येण्यासारखं नव्हतं. समोरचा गडी कुठल्या पायावर भार देऊन उभा आहे, हे तो बघायचा आणि बॉल दुसऱ्या बाजूनं सोडायचा. आपण पळत असायचो, कुठे ते आपल्यालाही ठाऊक नसायचं, आणि बॉल त्या जागी आधीच आलेला असायचा.

'आपण' म्हणतो आहे, पण खरं म्हणजे मी. उसाच्या खालोखाल पॉइंट माझे असायचे. त्यातली एकही मोकळी जागा मी शोधलेली नव्हती. त्यानं बॉल टाकून ती मला दाखवलेली असायची. हे मला माहीत होतं आणि त्यालाही. तो कधी बोलला नाही. त्याची किंमत चारचौघांत सांगायची तर आधी माझी कमी करून सांगावी लागली असती, म्हणून मी हसून विषय बदलायचो.

त्या काळात खेळाचे पैसे कुणी देत नसे. खेळावर नोकरी मिळायची, तोच आमचा धंदा. उसाला एका स्पर्धेतून उचलून आणलं होतं आणि कापडाच्या घडी खात्यात टेंपरवारी लावलं होतं. भवानी पेठेतला मात्र आमच्याच गिरणीच्या साचे खात्यात, मागांवर, बदली कामगार होता. बदली म्हणजे रोज सकाळी भोंग्याला गेटवर उभं राहायचं. कायम कामगारांपैकी कुणी आलं नाही तर त्याच्या जागी आत, नाहीतर डबा घेऊन परत. काम न मिळालेल्या दिवशीही तो संध्याकाळी प्रॅक्टिसला यायचा. लग्न ठरत होतं, पण मुलीकडचे एकच विचारायचे: मुलगा कायम झाला का?

आणि एका वर्षी ठरलं, की संघातल्या एका खेळाडूला कायम करायचं. लेबर ऑफिसर नवे होते, मुंबईकडचे, गिरणीत पहिल्यांदाच आलेले, क्रिकेटचे शौकीन. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. या दोघांतला एक निवडायचा आहे, तुम्ही कॅप्टन आहात, तुमचा शब्द मानीन, म्हणाले. मी सुरुवात कुठून करावी याची जुळवाजुळव करत होतो, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "दोघांत बदली कोण?"

टाइम ऑफिसातल्या माणसाला या शब्दाचा एकच अर्थ ठाऊक. मी लगेच म्हणालो, "भवानी पेठेतला, साहेब. कैक वर्षं बदलीच आहे बिचारा." त्याच्या बाजूनं बोलतोय असंच मला वाटत होतं.

"इतकी वर्षं बाहेरच बसवून ठेवलाय?" साहेब हसले. "मग त्याला कायम करून काय करायचं?"

क्रिकेटमधला बदली त्यांच्या डोक्यात होता, बारावा गडी. मला ते तिथल्या तिथे कळलं. एक वाक्य पुरलं असतं: साहेब, खेळात नाही, खात्यात बदली. वाक्य जिभेवर तयार होतं. पण त्यांनी पुढे विचारलं असतं, की मग खेळात कसा आहे? आणि त्याचं उत्तरही मला द्यावं लागलं असतं. मी टेबलावरच्या काचेकडे बघत राहिलो. साहेबांनी फोन उचलला. मी बाहेर आलो.

ऊस कायम झाला. त्यानं पेढे वाटले. त्याचा यात काही दोष नव्हता.

दोन-तीन दिवसांनी भवानी पेठेतला गेटजवळ भेटला. हातात डबा होता.

"अण्णा, साहेब इचारले म्हणे तुमाला?"

"विचारलं," मी म्हणालो. "मी तुझंच नाव सांगितलं."

हे अक्षरशः खरं होतं. इतकं खरं बोलताना माझा आवाज जरासुद्धा हलला नाही.

"मग ऱ्हाऊ द्या. तुमी बोललात न्हवं, लई झालं." संध्याकाळी प्रॅक्टिसला आला आणि मला नेहमीसारखे पास दिले. त्यातले बरेच मी घालवले. "अण्णा, झोप झाली न्हाई काय?" एवढंच तो म्हणाला.

मोसम संपल्यावर तो भिवंडीला मामाच्या यंत्रमागावर कामाला गेला. पुढच्या मोसमात माझे पॉइंट निम्म्यावर आले. हॉटेलात निर्णय झाला, की कॅप्टनचं वय झालं. मी ते होऊ दिलं.

त्याचे वडील मला एकदाच भेटले, भवानी पेठेत, सुताची पेंडी खांद्यावर घेतलेले. त्यांनी भर रस्त्यात हात जोडले. तेलुगू वळणाच्या मराठीत म्हणाले, की तुमी आमच्या पोरासाठी बोललात, पोरगा सांगितला. मग जवळ येऊन हळूच विचारलं, पुन्हा कधी कायम करायचं निघालं तर तुमी परत सांगशीला का? तो येतो म्हणतो. तिकडं करमत न्हाई त्याला.

त्यांचा शब्द न् शब्द मला कळला होता. मी कानामागे हात नेला, मान हलवली, त्यांची मराठी नीट न समजल्यासारखं हसलो. त्यांना वाटलं, आपल्यालाच नीट सांगता आलं नाही. ओशाळून त्यांनी पेंडी सावरली आणि मला आधी वाट दिली.