बाबांची खिडकीची सीट

लेक अजून दोन वर्षांची झालेली नाही, असं मी इंदूरच्या विमानतळावर तावातावाने सांगत होते. आमच्याकडे वाढदिवस तिथीने करतात. त्या वर्षी अधिक महिना आला होता, म्हणून तिथीला अजून आठवडा होता. काउंटरवरची मुलगी मात्र जन्मदाखल्यावरच्या तारखेवर बोट ठेवून बसली. दोन वर्षं पूर्ण झाली की मूल मांडीवर चालत नाही, वेगळी सीट घ्यावी लागते. "नियम काय आम्हालाच आहेत का?" मी ओरडले.

विमान भरलेलं होतं. एकच सीट रिकामी होती, ती बाबांची. अर्धांगवायू झालेल्या बाबांना आम्ही इंदूरला भावाकडे नेलं होतं आणि ते तिथेच गेले. दुखवट्यात त्यांचं परतीचं तिकीट रद्द करायचं राहून गेलं. सांगून ठेवलेली व्हीलचेअरसुद्धा आली होती. शेवटी काउंटरवर ते तिकीट रद्द करून तीच सीट लेकीच्या नावाने घेतली.

व्हीलचेअरवाल्यांना खिडकीजवळ बसवतात, म्हणजे बाकीच्यांना त्यांना ओलांडावं लागत नाही. त्या सीटवर लेकीला बसवून मी पट्टा लावला. तिने उजव्या हाताने स्वतःचा डावा हात उचलला आणि अलगद मांडीवर ठेवला. बाबा अगदी तसाच ठेवायचे.

"नक्कल करतेय," नवरा म्हणाला.

आता ती शाळेत जाते. बाबा तिला आठवतही नाहीत. पण मीरा रोड स्टेशनवरून शेअर रिक्षात बसलो, की तिचा डावा हात तसाच उचलला जातो. मी तिला ओरडत नाही. गुपचूप सरकून बाबांना जागा करून देते.