टाकीखालचा डबा

ती घटना आठवली की आजही आधी वास आठवतो, मग माणसं.

महाडच्या जुन्या आळीत, बकुळी-फणसांच्या सावलीत एक तीनमजली इमारत होती. मालकीणबाई वर राहायच्या, पक्क्या शाकाहारी. भाडेकरूंना अट एकच, घरात मासळी आणायची नाही. तळमजल्यावर एक शिक्षिका राहत. पुराचा भोंगा वाजला की खालच्यांनी सामान वरच्यांकडे न्यायचं, ही आमच्या गावाची रीत. त्या दिवशीही शिक्षिकाबाईंनी आणि त्यांच्या कामवालीनं धावतपळत डबे वर नेले.

पाणी उतरल्यावर या बाई आमच्या पोलीस ठाण्यात आल्या. लेकीच्या लग्नाचे दागिने ठेवलेला स्टीलचा डबा सापडत नव्हता. कामवाली जवळच्या नाते गावची, पुरापासून फिरकली नव्हती. मी फिर्याद नोंदवून घेतली. तेवढ्यात निनावी फोन आला. पूर चढत असताना कामवाली एकटीच गच्चीवर गेली होती म्हणे. झालं! आम्हाला आणखी काय हवं होतं?

तिला बोलावलं. महिला शिपायासमोर विचारपूस सुरू केली.

"रस्ता बंद हाय साहेब, येऊ कशी? चोरी मी केली नाय."

"मग गच्चीवर काय ठेवलंस?"

दरडावलं, समजावलं, चहा पाजला. ढिम्म! मी जाम वैतागलो.

शेवटी पंच घेऊन गच्ची गाठली. पाण्याच्या टाकीखाली, ताडपत्रीत डबा मिळाला. झाकण काढलं आणि वास जिन्यापर्यंत गेला. आत सुकट होती. मालकीणबाईंनी पदर नाकाला लावला.

"शी! कुणाचं हे?"

"माझं," कामवाली म्हणाली. "गावाहून आणलंय."

शिपायानं सुकटीत हात घातला. तळाशी फडक्यात दागिने होते. कामवाली बघतच राहिली. मी शिपायाला खूण केली, तिला खाली न्या.

"थांबा!" जिन्यातून शिक्षिका ओरडल्या. "डबा माझा आहे. सुकटही माझीच. चोर तिकडे हात घालणार नाही म्हणून दागिने मीच त्यात लपवले होते. तिला दागिन्यांचं माहीतसुद्धा नव्हतं, सुकट मालकीणबाईंना दिसू नये म्हणून तिनं डबा इथं ठेवला असणार. घर जाईल म्हणून मी बोलले नाही हो!"

मालकीणबाई नाकाला पदर लावूनच खाली उतरल्या. पुढं शिक्षिकाबाईंना ते घर सोडावं लागलं. नव्या घरीही कामाला तीच कामवाली होती.

संशयित गप्प बसला की तो स्वतःला वाचवतोय, असं आम्ही खात्यात धरूनच चालतो. ती बाईंचं घर वाचवत होती.