निमकरांच्या टेबलावरचा दाणा

त्या रविवारी सकाळी सात वाजता विषय आला नाही. गेली तीन वर्षं दर रविवारी सात वाजता निमकरसाहेबांचा एका शब्दाचा निरोप माझ्या फोनवर यायचा. 'चाक', 'तहान', 'उतार', असा काहीतरी. त्या शब्दावर आठवडाभरात एक फोटो काढायचा आणि पुढच्या रविवारी संध्याकाळी छापून त्यांच्या घरी न्यायचा. शेवटचे नऊ महिने मी त्यांच्या घरी गेलो नव्हतो, एकाही निरोपाला उत्तर दिलं नव्हतं, तरी निरोप चुकला नव्हता. म्हणून सव्वासात वाजले तसा माझा पारा चढला. म्हटलं, काढलं वाटतं शेवटी मला यादीतून. पुढचे दोन तास मी मनातल्या मनात त्यांच्याशी कडाकडा भांडलो. साडेनऊला त्यांच्या मुलीचा, रेवाचा फोन आला. ती न्यू टाउनला एका कंपनीत आहे, इथेच वाढलेली, त्यामुळे मराठी जरा बंगाली वळणाचं. "काका, बाबा काल चालले गेले," ती म्हणाली. "दुपारी, झोपेत. तुमचं नाव त्यांच्या रविवारच्या यादीत आहे, म्हणून फोन केला."

म्हणजे यादीत होतो मी...

निमकरसाहेब गार्डन रीचच्या रेल्वे मुख्यालयातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झाले आणि पुण्याला परत न जाता खिदिरपूरजवळ भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहिले. मी खानापूर तालुक्यातला. आमच्या भागातली माणसं गलाईच्या धंद्यापायी देशभर पांगली आहेत. सोनं वितळवायचं, शुद्ध करायचं, त्याचा कस सांगायचा. सोळाव्या वर्षी चुलत्याबरोबर बडाबाजारात आलो, सहा वर्षं दुसऱ्याच्या भट्टीपुढे बसलो, मग स्वतःची भट्टी घातली. हात धरून मला कोणी वर घेतलं नाही. इथल्या मराठी माणसांत बदलीवर आलेले साहेबलोक एकीकडे आणि आम्ही गलाईवाले दुसरीकडे, असं कोणी बोलून दाखवत नाही, पण गणपतीच्या पंगतीत कोण कोणाशेजारी बसतो ते बघितलं की कळतं. मला ते दरवर्षी दिसायचं आणि डोक्यात राहायचं.

अशाच एका गणपतीत मी नवा कॅमेरा गळ्यात अडकवून मिरवत होतो. चांदणीच्या बाजारात एका दुकानदाराशी तीन दिवस घासाघीस करून तो मिळवला होता. निमकरसाहेब स्वतः उठून जवळ आले. "काय काढता यानं?" म्हणाले. मी म्हटलं, "अजून काही नाही. सौदा चांगला होता, सोडवला नाही." ते इतके हसले, की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "बरं झालं. कलेची आवड आहे म्हणाला असतात तर मी पळालो असतो. रविवारी घरी या."

त्यांच्या जेवणाच्या टेबलावर दर रविवारी सहा वाजता हा उद्योग चाले. दहा-बारा माणसं, सगळी हौशी. प्रत्येकाने पोस्टकार्डाएवढा एक फोटो आणायचा, एकच, मागे नाव घालून. सगळे फोटो सुलटे मांडले की निमकर भाजलेल्या शेंगदाण्यांची वाटी फिरवायचे. प्रत्येकाने एक दाणा उचलून आवडलेल्या फोटोवर ठेवायचा, स्वतःच्या नव्हे. ज्याच्यावर जास्त दाणे, त्याने ते सगळे खायचे. बक्षीस एवढंच. निमकर आपला दाणा सगळ्यांत शेवटी ठेवत. आणि जो आला नाही त्याच्या नावाने एक कोरं कार्ड मांडलं जाई. "न काढलेला फोटोही टेबलावर दिसला पाहिजे," असं त्यांचं म्हणणं.

माझा पहिला विषय होता 'पांढरा'. मी खास सुट्टी काढून व्हिक्टोरिया मेमोरियलला गेलो. रविवारी बघतो तर टेबलावर तीन व्हिक्टोरिया, आणि तिन्हींवर दाणा नाही. निमकर म्हणाले, "जगताप, तुम्ही रोज इथून जाता का?" "नाही, मुद्दाम गेलो." "मग रोज जिथून जाता, तिथे पांढरं काहीच नाही?" मला राग आला. राग मला लवकर येतो, बाजारात सगळ्यांना ठाऊक आहे. पण दुसऱ्या दिवशी दुकानाच्या गल्लीतून जाताना मी प्रथमच पांढरं काय काय आहे ते बघितलं. भट्टीच्या तोंडाशी साचलेली राख, हमालाच्या डोक्यावरचा चुंबळीचा फडका, मिठाईच्या दुकानाबाहेर निथळत टांगलेली छेन्याची, म्हणजे ताज्या पनीराची पुरचुंडी. तीस वर्षं त्या गल्लीत मी फक्त माणसांचे चेहरे बघत आलो होतो, समोरचा किती खाली येईल याचा अंदाज घेण्यापुरते. पुढे 'हात' हा विषय आला तेव्हा मी माझ्याच दुकानातल्या म्हाताऱ्या कारागिराची तेजाबाने पिवळी पडलेली बोटं काढली. निमकरांनी त्यावर दाणा ठेवला आणि म्हणाले, "हा तुमच्याशिवाय कोणाला मिळाला नसता." एवढंच. त्या आठवड्यात मी एका गिऱ्हाइकाशीही भांडलो नाही.

मग 'वाट पाहणं' हा विषय आला. खिदिरपूरच्या बाजूला नदीच्या घाटावर एक म्हातारे गृहस्थ पायरीवर बसलेले मला दिसले. चेहरा असा, की बस. पण उजेड कमी होता. मी म्हटलं, "चाचा, कल सुबह यहीं बैठोगे?" "रोज़ बैठता हूँ." "सफ़ेद कुर्ता पहनके आना." ते म्हणाले, "धुला हुआ एक ही है बाबूजी, वो जुम्मे का है." मी सौदा करणारा माणूस, मी काय ऐकतोय! चहा-बिस्किटं, गोड बोलणं, थोडा आवाज चढवणं... शुक्रवारचा कुर्ता बुधवारी घालून ते आले. मी त्यांना दोन पायऱ्या खाली बसवलं, शेजारची बादली हलवली, नदीकडे बघायला सांगितलं. पुन्हा बघायला सांगितलं. त्यांना कुठेतरी जायचं होतं. मधून मधून विचारत होते, "हो गया?" मी म्हणत होतो, "बस, एक और."

त्या रविवारी माझ्या फोटोवर दहा दाणे पडले. इतके आजवर कोणाच्याच फोटोवर पडले नव्हते. बँकेच्या मॅनेजरबाई म्हणाल्या, "वा!" निमकरांचा दाणा तेवढा राहिला होता. तो चिमटीत धरून त्यांनी विचारलं, "हा कोणाचा?" मी म्हटलं, "माझा." "हे कोणाची वाट पाहतायत?" "होडीची." त्यांनी फोटो जवळ ओढला, मग म्हणाले, "नाही जगताप. हे तुमची वाट पाहतायत. कधी सोडताय याची." आणि हातातला दाणा त्यांनी वाटीत परत टाकला.

सगळे हसले. मी उभा राहिलो. "साहेब, तुम्ही जन्मभर वातानुकूलित डब्यातून माणसं बघितलीत. मी त्यांच्यात राबलोय. माणूस काय असतो ते मला शिकवू नका!" ते म्हणाले, "बसा जगताप, चहा व्हायचाय." मी बाहेर पडलो. दाराबाहेरच्या ढिगात माझी चप्पल सापडेना. एवढं रागावून निघालेला माणूस ओणवा होऊन चपला चाचपतोय, आणि आत कोणीतरी हळू आवाजात काही बोललं की हशा होतोय... ते मी विसरलो नाही. ते हसणं माझ्यावरचं नसेलही. पण मला तेव्हा तसं वाटलं आणि आजही वाटतं.

राग का आला हे मला त्याच रात्री कळलं होतं. कस काढणं हा माझा धंदा, आणि माझ्या मालातली भेसळ त्या माणसाने नुसत्या डोळ्यांनी ओळखली होती. पण खरं असलं तरी ते चारचौघांत बोलायचं असतं का? तेही त्या साहेबलोकांपुढे? मला एवढंच हवं होतं, की त्यांनी एकदा फोन करून म्हणावं, चुकलं माझं. फोन आला नाही. विषय मात्र येत राहिले. आणि मी, कोणाला सांगू नका, दर आठवड्याला फोटो काढत राहिलो. छापायचे, मागे नाव घालायचं आणि दुकानाच्या खणात टाकायचे.

एकदाच मी त्यांच्या दारापर्यंत गेलो. विषय होता 'उंबरठा'. एका रविवारी सव्वासहाला मी जिना चढून वर गेलो, घंटीकडे हात नेला, तेवढ्यात आत हशा झाला. दाराबाहेर चपलांचा तसाच ढीग होता. घाईघाईत त्या बंद दाराचा आणि चपलांचा मी एक फोटो काढला आणि उतरून घरी आलो. हलला होता फोटो. तरी छापला.

ते गेल्यावर दिवसकार्य झालं, त्यानंतर काही आठवड्यांनी मी गेलो. रविवारी, सहालाच. निमकरकाकू एकट्या होत्या. टेबल तसंच होतं, वाटीही तिथेच. काकूंनी आतून दोऱ्याने बांधलेला एक गठ्ठा आणला. कोरी कार्डं. प्रत्येकामागे निमकरांच्या अक्षरात 'जगताप' आणि त्या आठवड्याचा विषय. नऊ महिने, एकही रविवार न गाळता, माझं कोरं कार्ड टेबलावर मांडलं जात होतं.

"मी म्हणायची, अहो, फोन करा की," काकू म्हणाल्या. "तर म्हणायचे, जगतापला बोलावलं की तो अटी घालणार. आपणहून येऊ दे. बोललो ते बरोबर होतं, पण सगळ्यांसमोर बोलायला नको होतं, असंही म्हणाले होते. दोनदा."

"मग हे मला सांगायचं होतं ना, काकू!" माझा आवाज चढला. ज्या घरातलं माणूस गेलं त्या घरात मी ओरडलो. "दोनदा तुम्हाला सांगितलं, एकदा मला सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?"

काकू दमलेल्या होत्या. मीही. त्या म्हणाल्या, "तुम्हीही यायचं होतं ना, भाऊ."

भांडायला समोर माणूस लागतो, आणि ज्याच्याशी भांडायचं होतं तो उठून गेला होता. मी पिशवीतून माझे फोटो काढले आणि एकेका कोऱ्या कार्डावर त्या त्या विषयाचा फोटो ठेवत गेलो. टेबल भरलं. काकू या खेळात कधी बसल्या नव्हत्या, त्या चहा करायच्या. मी वाटी पुढे केली आणि म्हटलं, "एक निवडा." त्या म्हणाल्या, "मला यातलं काय कळतंय?" "तरी निवडा." इथेही घासाघीस.

चष्मा लावून त्या टेबलाभोवती हळूहळू फिरल्या. माझे चांगले चांगले फोटो ओलांडून त्या हललेल्या फोटोपाशी थांबल्या. "हे तर आमचं दार," म्हणाल्या. मग आणखी वाकल्या. "ही यांची कोल्हापुरी. डाव्या पायाचा अंगठा शिवून घेतलेला." त्यांनी त्या चपलेवरून बोट फिरवलं. "इथपर्यंत आला होतात?"

मी मान हलवली.

"घंटी वाजवायची होती हो..."

त्यांनी दाणा ठेवला तो त्या फोटोवर. त्यात मी कोणाला बसवलं नव्हतं, काही हलवलं नव्हतं, कोणाला चांगला कुर्ता घालून बोलावलं नव्हतं. दाराच्या एका बाजूला एकजण उभा होता, दुसऱ्या बाजूला एकजण बसला होता, आणि फोटोत दोघेही नव्हते.

मिळालेला दाणा खायचा, असा त्या टेबलाचा नियम. मी तो खाल्ला नाही. दुकानात सोन्याच्या काट्याच्या पेटीत ठेवला आहे, वजनांच्या शेजारी. एव्हाना खवट झाला असेल. रविवारी सात वाजले की अजून फोन हातात घेतो, आणि ठेवून देतो.