तात्पुरता प्रवेश

आम्ही तिघी, म्हणजे मी, मंदा आणि शालू, अजूनही वर्षातून एकदा भेटतो. जेवणं होतात, मुलाबाळांचं बोलून होतं आणि मग कुणीतरी म्हणतं, "त्या उन्हाळ्यात गं..." झालं! बी.एस्सी.च्या रिझल्टची वाट पाहिली तो एकच उन्हाळा, पण त्यातले किस्से दरवर्षी एखाददोन वाढतातच. आता हसतो. तेव्हा हसत नव्हतो.

मी कर्जतची, वडील बाजारात शिंपीकाम करायचे. मंदा पळसदरीची, घरी भातशेती. शालूच्या वडिलांचं चौकला हायवेवर गॅरेज. तिघी एकाच कॉलेजात, एकाच वर्गात. मला आणि मंदाला मास्तरीण व्हायचं होतं, म्हणून आम्ही पुण्याच्या एका बी.एड. कॉलेजात अर्ज केला होता.

*

परीक्षेच्या आधीच दोघींना पत्रं आली. 'तात्पुरता प्रवेश देण्यात येत आहे. अंतिम वर्षी पन्नास टक्क्यांपेक्षा कमी गुण मिळाल्यास हा प्रवेश रद्द समजावा.'

आईने विचारलं, "तात्पुरता म्हंजे काय गं?"

मी समजावलं. ती जरा वेळ भाकरी थापत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे पावन्याला पाटावर बसवायचा, आन ताट वाढल्यावर इचारायचं, तुला बोलावलाय का."

बाबांनी ते पत्र मशीनच्या ड्रॉवरमध्ये ठेवलं. दोन दिवसांत अख्ख्या बाजाराला कळलं. मी हात जोडले, "बाबा, रिझल्ट लागेपर्यंत कुणाला दाखवू नका हो."

"मी कुठं दाखवतो? लोकच विचारतात."

"काय विचारतात?"

"विचारतात, हातात काय हाय?"

*

शेवटचा पेपर केमिस्ट्रीचा. परत येताना पेपरबद्दल चकार शब्द काढायचा नाही, असं आमचं ठरलं होतं. कर्जतला उतरलो. मंदाची खोपोलीची गाडी यायची होती, म्हणून प्लॅटफॉर्मवर बाकावर बसलो. बटाटेवडे घेतले. सगळं छान चाललं होतं.

शालूने शेवटचा घास खाल्ला, हात पुसला आणि सहज विचारलं, "चौथ्या प्रश्नात 'कोणतेही दोन' होतं ना गं?"

मी म्हटलं, "दोनच."

मंदाने पर्स उघडली. मी तिच्याकडे पाहिलं. तिने पर्समधून प्रश्नपत्रिका काढून माझ्या मांडीवर ठेवली. 'कोणतेही तीन.'

मी दोनच लिहिले होते. वेळ उरला म्हणून त्या दोन्हींखाली रेघाही मारल्या होत्या, पट्टी लावून.

*

त्या दिवसापासून मी हिशेबच मांडत बसले. इथे बारा, तिथे नऊ, प्रॅक्टिकलचे इतके. एकदा एकोणपन्नास यायचे, एकदा बावन्न.

माझी अवस्था शालूने घरी सांगितली असणार. कारण एक दिवस चौकला एक गाडी बंद पडली आणि गाडीतले गृहस्थ प्रोफेसर आहेत असं कळताच शालूचे वडील, अण्णा, हातातला पाना टाकून पुढे झाले. त्यांना सावलीत खुर्ची दिली, चहा मागवला.

"सायेब, पेपर तपासायला येतात का तुमच्याकडं?"

"येतात ना. गठ्ठेच्या गठ्ठे."

"केमिस्ट्रीचे?"

"नाही, मी मराठी शिकवतो."

अण्णांनी बॉनेटकडे पाहिलं. "मग जरा येळ लागंल हां गाडीला."

पण ते गृहस्थ भले होते. सगळी हकिगत ऐकून म्हणाले, "त्या बी.एड. कॉलेजच्या प्राचार्या मला माहीत आहेत. मे महिना त्या माथेरानला काढतात. मुलीला म्हणावं, त्यांनाच जाऊन विचार."

*

मी आणि मंदा नेरळहून पायी माथेरान चढलो. मंदाला यायचं नव्हतं, मी ओढून नेली. बंगला सापडेपर्यंत दोघींचे पाय गुडघ्यापर्यंत तांबडे झाले होते. बाई व्हरांड्यात वाचत बसल्या होत्या. त्यांनी आधी पाणी दिलं, मग विचारलं, "काय काम काढलंत?"

मी पाठ केलेलं बोलून टाकलं. "बाई, एखाददोन टक्के कमी पडले तर काही होईल का?"

"रिझल्ट लागला?"

"नाही."

"मग मी कोणत्या मार्कांबद्दल बोलू?"

मी पाण्याचा पेला उगाच पुन्हा उचलला. तेवढ्यात मंदा म्हणाली, "बाई, कमी पडले तर पुढे परत अर्ज केलेला चालतो का?"

बाईंनी चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं. "चालतो."

उतरताना मी मंदावर चिडले. "असलं अभद्र कशाला विचारलंस?"

"सुधा," ती म्हणाली, "आपल्याकडं दुसरा कुठला प्रश्न होता, ज्याला त्या हो म्हणाल्या असत्या?"

*

मंदाचे वडील, नाना, कमी बोलणारे. मी एकदा पळसदरीला गेले तेव्हा बापलेक भाताच्या रोपांसाठी शेतात राब भाजायची तयारी करत होते, पालापाचोळा पसरत होते. नानांनी मला विचारलं, "किती पडाया पायजेत गं पोरी?"

"शंभरात पन्नास, नाना."

"निम्मं?" ते हसले. "आन निम्म्यासाटी तुमी येवढ्या वाळलाव?"

मग मंदाकडे वळून, जरा हळू आवाजात, "निम्मं पडंल ना गं?"

"पडंल."

पाला पसरून होईपर्यंत नानांनी हे तिला आणखी तीनदा विचारलं.

*

रिझल्टच्या दिवशी शालूचं मार्कशीट पहिलं हातात आलं. ती पास झाली, आणि तिला तेवढंच हवं होतं. मग माझं. पुन्हा पुन्हा बेरीज केली. एकावन्न टक्के! मी ओरडणार, तेवढ्यात मंदाने आपला कागद पाहिला आणि नीट चौपदरी घडी घातली.

"किती?"

"अठ्ठेचाळीस. फिजिक्सनं मारलं."

मी माझा कागद पाठीमागे लपवला. का लपवला, ठाऊक नाही. मंदानेच तो काढून घेतला, वाचला आणि म्हणाली, "चल, बाबांना दाखव. बाजार वाट बघतोय."

मंदाने पुढे दोन वर्षं डोंगरातल्या वाडीवरच्या शाळेत शिकवलं, मग फिजिक्स परत देऊन बी.एड. केलं, आणि ती मुख्याध्यापिका होऊन रिटायर झाली. पण ते सगळं नंतरचं.

*

जूनमध्ये मी पुण्याला दाखल व्हायला गेले, तेव्हा मंदा आणि नाना बरोबर होते. मंदाचे मूळ दाखले कॉलेजात जमा होते, ते परत घ्यायचे होते. नानांनी धुतलेलं धोतर आणि टोपी घातली होती. क्लार्कने रजिस्टरमधल्या मंदाच्या नावावर रेघ मारली, सही घेतली आणि दाखले दिले.

"झालं तुमचं काम."

नाना हलले नाहीत. क्लार्क म्हणाला, "आजोबा, आणखी काय?"

"कुटं बसली असती ती?"

क्लार्कला कळेना. मग तो उठला आणि आम्हाला वर्गात घेऊन गेला. सुट्टीनंतरचा वर्ग, बाकांवर धूळ. त्याने रोल नंबर मोजत तिसऱ्या रांगेतल्या एका बाकाकडे बोट दाखवलं, "इथं."

नानांनी खांद्यावरचा पंचा काढून ती जागा पुसली. "बस गं."

मंदा बसली. नाना फळ्यापाशी जाऊन उभे राहिले आणि तिच्याकडे बघत राहिले. क्लार्क दारातच थांबला.

मग नाना माझ्याकडे वळले. "सुधे, तुजी जागा कंची?"

मी मंदाच्या शेजारची जागा दाखवली. ते परत आले, पंचा उलटा केला आणि तीही पुसली.