जवसाचा घास

माझ्या नवऱ्याच्या तेराव्याला गोग्रास घालायला कुवेतमध्ये गाय कुठून आणायची, असा प्रश्न आमच्यापैकी कोणालाच पडला नाही. त्याची नोकरीच गुरांच्या खुराकाची होती. अर्दियाच्या गोदामात तो मका, पेंड, जवस आणि क्षारांचं मिश्रण ठरवायचा, आणि ते खाऊन जहरा गावाबाहेरच्या फार्मवर वाढलेल्या गुरांचं मांस कसं उतरतं ते तपासायचा. जवसाने चरबीतला पौष्टिक अंश वाढतो, ई जीवनसत्त्वाने मांस जास्त दिवस लाल राहतं, हे मला जेवताना सांगायचा. आमच्या ताटात वरणभात असायचा. ते मांस त्याने कधी चाखलं नाही.

माझे धाकटे दीर इथेच बँकेत आहेत. ते त्याला चारचौघांत ‘कसायाचा आचारी’ म्हणायचे. हसत म्हणायचे, म्हणजे उलट बोलायची सोय नसायची.

तेराव्याला त्यांनीच मला फार्मवर नेलं. मागच्या सीटवर पुरणपोळ्यांचं पातेलं, भाताचा टोप आणि गुळाच्या ढेपा.

“एवढं कशाला, भाऊजी? एक घास पुरतो.”

“दादाने जन्मभर जे केलं, ते एका घासाने फिटतंय होय, वहिनी? सगळा गोठा जेवू दे.”

पहारेकऱ्याने मला ओळखून फाटक उघडलं. दीर पातेलं घेऊन गव्हाणीकडे निघाले. मी आडवी उभी राहिले.

“गोड आणि भात एकदम एवढा खाल्ला तर यांच्या पोटात आम्ल होतं. मरतातसुद्धा. तुमचे दादा असते तर तुमचा हात धरला असता त्यांनी.”

“उद्या कापणारच आहेत ना? मग आज पोट दुखलं तर बिघडलं कुठे?”

मी आयुष्यभर पुस्तकं वाचली, पण त्या क्षणी मला या माणसाबद्दल जे वाटलं ते कुठे वाचल्याचं आठवत नाही.

“त्यांचं काम तेवढंच होतं,” मी म्हणाले. “कापायच्या दिवसापर्यंत पोट दुखू नये. मालकाला सांगायचे, आजारी जनावराचं मांस चांगलं उतरत नाही. मला सांगायचे, बघवत नाही.”

“वा! कसाई तो कसाई, वर दयाळू!”

मी गव्हाणीतून त्याने ठरवलेल्या खुराकाची मूठ भरली आणि कडेच्या कालवडीपुढे धरली.

“हा गोग्रास.”

“मांस लाल करायची पावडर! उपाशी ठेवलंत माझ्या दादाला. ध्यानात ठेवा.”

पातेलं आपटत ते गाडीत जाऊन बसले आणि हॉर्न वाजवू लागले. कालवडीची जीभ खरखरीत होती. जवसाचा शेवटचा दाणा तिने माझ्या बोटांच्या बेचक्यातून काढून घेतला.

हॉर्न वाजतच होता. मी दुसरी मूठ भरली.