वहिनींनी कापलेले केस

अख्खी गल्ली त्याला ‘रेडिओ’ म्हणायची, आणि त्यात तिळमात्र अतिशयोक्ती नव्हती. सलूनचं शटर वर गेलं की याच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा, तो शटर खाली येईपर्यंत. गिऱ्हाईक डोळे मिटो, घोरो, नाहीतर दहादा घड्याळाकडे बघो, याला फरक पडेल तर शपथ! पण माणूस मनानं लोण्यासारखा मऊ, हेही तितकंच खरं.

अशा माणसाचा जिवलग मित्र कोण असावा? तर दोन गल्ल्या पलीकडचा बाइंडर. फाटक्या पुस्तकांना नव्यानं शिवून पुठ्ठा चढवणारा आणि दिवसाला मोजून दहा वाक्यं बोलणारा. शाळेत दोघं एका बाकावर बसले, ते पन्नाशी उलटली तरी उठलेच नाहीत म्हणा ना. रेडिओ त्याला एका गोष्टीवरून फार छळायचा. बाइंडरचे केस कापायची त्याची बायको. घरीच, गॅलरीत स्टूल टाकून, शिवणाच्या कात्रीनं. “वहिनी, माझ्या पोटावर पाय देताय हो तुम्ही,” असं रेडिओ म्हणायचा आणि वहिनी हसून त्याच्यापुढे चहा ठेवायच्या.

त्या वहिनी गेल्या. चार दिवसांच्या तापाचं निमित्त, आणि धडधाकट बाई हां हां म्हणता नाहीशी झाली.

पहिले पंधरा दिवस घरात माणसं मावत नव्हती. मग जो तो आपापल्या उद्योगाला लागला. बाइंडरनं दुकानाला कुलूप घातलं. आत पुस्तकं अर्धवट शिवलेली तशीच पडली, वाटीतली खळ वाळून दगड झाली. तो फोन उचलेना, हाकेला ओ देईना. चुलतभाऊ आला आणि बेल वाजवून वाजवून परत गेला. दार उघडायचं ते फक्त सोमवारी दुपारी, सलूनला सुट्टी असते तेव्हा, रेडिओसाठी. हे एवढं एक दार मिटलं तर मित्र हातचा गेला, हे रेडिओला पक्कं ठाऊक होतं.

म्हणून तो डबा घेऊन जायचा आणि बोलत राहायचा. नाक्यावर पाण्याचा पाइप कसा फुटला, डॉक्टरांनी टकलावर केस लावून घेतले ते कसे दिसतात, काय वाट्टेल ते. वहिनींचा विषय मात्र कटाक्षानं टाळायचा. कशाला बिचाऱ्याच्या जखमेवरची खपली काढा! बाइंडर भिंतीकडे बघत बसायचा. चार महिन्यांत त्याचे केस मानेवरून कॉलरच्या आत उतरले होते.

आणि एका सोमवारी रेडिओनं घोडचूक केली. बोलता बोलता बघतो तर बाइंडरला खुर्चीतच डुलकी लागलेली, मान पुढे झुकलेली. खिशात छोटी कात्री असायचीच. हात शिवशिवायला लागले. मानेपुरतं साफ करू, उठेल तेव्हा बरं वाटेल त्याला, असं म्हणून यानं कात्री चालवली. एक बट खाली पडली आणि बाइंडर जागा झाला.

त्यानं जमिनीकडे पाहिलं. गुडघे टेकून एकेक केस वेचला आणि कागदात गुंडाळला. मग म्हणाला, “जा.”

“अरे, पण मी काय...”

“जा म्हटलं ना!”

मागे कडी लागल्याचा आवाज रेडिओनं ऐकला.

घरी आल्यावर बायकोनं सगळं ऐकून घेतलं आणि मग ती कडाडलीच. “अहो, अक्कल कुठं गहाण ठेवली होती? त्या डोक्याला शेवटची कात्री कोणी लावली होती, सांगा बघू!”

तीस वर्षं ज्यावरून थट्टा केली, तेच नेमक्या वेळी ध्यानात आलं नव्हतं. रेडिओनं कपाळावर हात मारून घेतला आणि तो रडला.

पुढच्या सोमवारी दार उघडलं नाही. त्याच्या पुढच्याही. तिसऱ्या सोमवारी तो जिन्यातच फतकल मारून बसला आणि दाराला तोंड लावून म्हणाला, “चुकलो रे. केस कमरेपर्यंत वाढव, मी चकार शब्द काढणार नाही. पण उघड. तुझ्याशिवाय मला तरी कोण आहे?”

बऱ्याच वेळानं कडी निघाली.

आत जाऊन रेडिओ गप्प बसला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. शेवटी बाइंडरच म्हणाला, “आज बोलत का नाहीस?”

“काय बोलू बाबा? काहीतरी चुकायचं परत.”

“इतके सोमवार बोललास. पाइप काय, डॉक्टर काय! तिचं नाव एकदा तरी काढलंस?”

“तुला त्रास होईल म्हणून...”

“तो व्हायचा राहिलाय का? ती कधी नव्हतीच असं वागता रे तुम्ही सगळे. मी एकट्यानं किती आठवायचं? तेच तेच आठवतो. माझ्याजवळचं संपत आलंय.”

रेडिओच्या पोटात एक गोष्ट होती. आयुष्यात त्यानं गुपित म्हणून सांभाळलेली ती एवढीच.

“वहिनींनी शपथ घातली होती,” तो म्हणाला, “पण सांगतो. तुझ्या लग्नाच्या पहिल्याच वर्षी, एका दुपारी त्या सलूनमध्ये आल्या. म्हणाल्या, भाऊजी, ह्यांचे केस मला कापायचेत, शिकवा. मी म्हटलं, शिकणार कोणाच्या डोक्यावर? म्हणाल्या, तुमच्या.”

“तुझ्या?”

“चार दुपारी बसलो त्यांच्यापुढे. उंदरानं कुरतडावं तसं करून ठेवलं मागून! महिनाभर कानटोपी घालून हिंडत होतो, आठवतं?”

“भर उन्हाळ्यात!” बाइंडर ओरडलाच. “कान दुखतो म्हणाला होतास, थापाड्या!”

आणि तो हसला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग ते पाणी थांबेना. रेडिओ त्याच्या पाठीवर हात ठेवून नुसता बसून राहिला.

“म्हणजे मला माहीत नसलेली ती अजून आहे,” बाइंडर म्हणाला. त्यानं खुर्ची पुढे ओढली, नाक पुसलं. “पहिल्यापासून सांग. आली तेव्हा दारात काय म्हणाली? घाई करू नकोस.”