बुधवारची प्रार्थना निर्मलाच्याच घरी

मार्था सिस्टर गेल्याचा फोन आला तेव्हा मी पोळ्या लाटत होते. तव्यावरची करपली, घरभर धूर झाला आणि रडण्याआधी मला तिचाच आवाज ऐकू आला, "निर्मले, आधी गॅस बंद कर, मंग रड!" पांढरकवड्याच्या सरकारी दवाखान्यात तिनं जन्मभर बाळंतपणं केली. आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीतले निम्मे लोक तिच्या हातात जन्मलेले, त्यामुळे पाळकसाहेब सोडले तर ती कोणालाच अहो-जाहो करत नसे.

आमच्याकडे दर बुधवारी संध्याकाळी घरोघरी प्रार्थना होते, ज्याचा नंबर त्याच्या घरी. तुमच्या नंबराला कोणी आलंच नाही, तर समजायचं की मंडळीनं तुम्हाला टाकलं. दोन वर्षांपूर्वी माझा नंबर जवळ आला आणि कुजबूज सुरू झाली. माझी लेक रूपा नागपूरला सहा वर्षं नीतासोबत राहते. कायदा मानो न मानो, आम्ही एकमेकींशी लग्न केलंय, असं तिनं सांगून टाकलेलं, आणि नेमक्या त्याच आठवड्यात दोघी घरी येणार होत्या. मला स्वतःला पचायला वर्ष लागलं, खोटं कशाला बोलू! पण लेकरू माझं...

रविवारी उपासनेनंतर सभा बसली. आमचे ज्येष्ठ पंच वसंतराव उठले. "निर्मलाबाईबद्दल मनात काही नाही. पण शास्त्रात लग्न म्हणजे बाई अन् माणूस. तिथं जाऊन बसलो तं मान्य केल्यासारखं होते." माणूस ढोंगी नाही, म्हणूनच लोक त्यांचं ऐकतात. शाळेत शिकवणारा सुनील म्हणाला, देवानंच त्यांना तसं घडवलं असेल तर? मग जो तो बोलायला लागला.

सिस्टर काठी टेकत उठली. "वसंता, तू पायाळू आलतास. हे लेकरू सरळ काहून नाही म्हून म्या तुह्या मायले विचारत बसली नाही, आधी बाहेर काढलं तुले!" सभा खो खो हसली. मग ती म्हणाली, "लग्नाचं मलेही उमजलं नाही. भांडा वर्षभर. पण भांडण हाय म्हून एकमेकाच्या घरी प्रार्थनेले डोळे मिटायचे नाहीत, हे कोणत्या शास्त्रात हाय? ज्याले निर्मलाकडे यायचं नाही, त्यानं माह्या घरीही येऊ नोको."

बुधवारी सतरंजी अंथरली, पण रिकामी बघवेना. पहिली सिस्टर आली, मग एकेक करत घर भरलं. शेवटी वसंतराव! दारातच थांबून म्हणाले, "मले पटलं नाही, बरं का."

"नाही पटलं तं नाही पटलं. बस खाली," सिस्टर म्हणाली.

बसले. नीतानं दिलेला चहाही घेतला. गाणी अशी दणाणली की शेजारचे रफिकभाई गॅरेज सोडून बघायला आले. अशी जिंकले मी त्या दिवशी! वाद अजून मिटलेला नाही. रविवारी भांडतात, बुधवारी मांडीला मांडी लावून बसतात.

गेल्या बुधवारी नंबर सिस्टरचा होता. घर बंद, मागं कोणी नाही. नाव खोडायचं का, असं कोणीतरी विचारलं तर वसंतराव भडकलेच. स्वतः किल्ली आणली, तिची खोली झाडली, सतरंजी टाकली. रूपा आणि नीता नागपूरहून आल्या होत्या. पहिली प्रार्थना घरच्या माणसानं करायची, ही आमची रीत. पण सिस्टरच्या घरचं कोण? वसंतराव रूपाकडे वळले. "पोट्टे, तू कर." मग नीताकडे बघून म्हणाले, "दोघी मिळून करा."

त्यांना अजूनही पटलेलं नाही. पण सगळ्यांत आधी डोळे त्यांनी मिटले.